पावामागे पावली

10 जानेवारी 2025, शुक्रवार

सकाळी साडेसहाला फोन वाजला तेव्हा वाटलं, कुणी गेलं की काय. बेकरीवाले या वेळेला झोपायला जातात, फोन करत नाहीत. "ताई, पेपर पाहिला का?" पाहिला नव्हता. मुंबईतल्या हवेचा विषय उच्च न्यायालय 2023 पासून स्वतःहून ऐकतं आहे. काल त्यात आदेश झाला की लाकडा-कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायच्या. आधी वर्षभराची मुदत होती, ती न्यायालयाला जास्त वाटली. दुपारपर्यंत अकरा फोन झाले. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "म्हणजे भट्टी बंद?"

मी पाव भाजत नाही. लालबाग ते भायखळा या पट्ट्यातल्या चौदा बेकऱ्यांचे हिशोब लिहिते. पावावर जीएसटी नाही पण बिस्किटावर आहे, म्हणून त्यांना मी लागते. त्यांच्या छोट्याशा संघटनेची मानद चिटणीसही आहे. मानद म्हणजे सभेचा चहा आपल्या खर्चाने.

हे म्हणाले, "तू कशाला पडतेस यात?" मी म्हटलं, पडले नाही, आधीपासून आतच आहे.

12 जानेवारी, रविवार

पहाटे तीनला चाचांच्या, म्हणजे माझ्या चौदांपैकी एका मालकाच्या, बेकरीत गेले. पंचवीस वर्षं त्यांचे कागद लिहिते आहे, पण भट्टी पेटलेली असताना आत पहिल्यांदा उभी राहिले. कागदावर ती 'स्थावर यंत्रसामग्री' आहे, घसारा काढून किंमत शून्य.

भट्टीचं तोंड माझ्या कमरेएवढं, त्यावर लोखंडी झाकण. आत दोन माणसं आडवी झोपतील एवढी विटांची घुमटी. लाकूड थेट आतच पेटवतात. ज्वाळा बसल्या की निखारे एका कडेला सारतात, लांब काठीला बांधलेलं ओलं गोणपाट फरशीवरून फिरवतात, चर्रर्र वाफ येते, आणि राख निघाली की चाचा चिमूटभर मैदा आत फेकतात. मैदा किती वेळात तांबूस होतो त्यावर ठरतं, पत्रे आत घालायचे की थांबायचं. आज दोनदा थांबले. थर्मामीटर नाही. मी विचारलं तर हसले: "ताई, मीटर लावला तर मीटरचं ऐकावं लागेल."

लाकूड म्हणजे जंगलाचं नव्हे. मोडलेले दरवाजे, पेट्यांच्या फळ्या, एका सोफ्याची चौकट, आणि प्लायवूडचे तुकडे, त्यांवर अजून सनमायका चिकटलेला. प्लायवूड पेटलं की घशाला जो वास येतो तो लाकडाचा नसतो, तो डिंकाचा आणि रंगाचा असतो. भंगारवाला किलोला पाच रुपये घेतो. ओंडक्याचं लाकूड याच्या दुप्पट, म्हणून ते कुणी घेत नाही.

बाहेर पडले तेव्हा नाकात काजळी होती. माझे वडील गिरणीत टाइमकीपर. आमच्या खिडकीतून तीन चिमण्या दिसायच्या, आणि आई सकाळी धूर बघून सांगायची की आज पाळी चालू आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आकाश स्वच्छ झालं. आमच्या चाळीत त्या स्वच्छ आकाशाचं कुणाला कौतुक नव्हतं.

5 फेब्रुवारी, बुधवार

काल महापालिकेचा अर्थसंकल्प आला, 74,427 कोटींचा. माझं लक्ष 'हवामान' या शब्दावर. गेल्या जूनमध्ये पालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला होता. ही पद्धत मूळची ऑस्लो शहराची. त्या अहवालात भांडवली खर्चातले 10,224 कोटी, म्हणजे 32.18 टक्के, हवामानाशी जोडलेल्या कामांचे दाखवले आहेत. आकडा मोठा आहे आणि दाखवला हेही चांगलंच. पण हिशोबनिसाची खोड अशी की, जे काम एरवीही व्हायचंच होतं ते कुठल्या सदरात गेलं, हे आधी बघायचं.

रात्री आराखडा पुन्हा काढून वाचला. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 चा. 2050 पर्यंत शहर 'नेट झिरो', 2030 पर्यंत उत्सर्जनात 30 टक्के घट. 2019 सालचं शहराचं उत्सर्जन 2 कोटी 34 लाख टन, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा वीज आणि इमारतींत, कारखान्यांत जळणाऱ्या इंधनाचा. वीज मुख्यतः कोळशावरची. म्हणजे चाचांनी उद्या विजेची भट्टी घेतली तर लालबागचा धूर थांबेल आणि कोळसा डहाणूला, ट्रॉम्बेला जळेल.

आणखी एक गंमत. हवामानाच्या खातेवहीत लाकडाचा कार्बन वेगळ्या रकान्यात मांडतात, कारण झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो. गॅस मात्र जमिनीखालचा, तो पूर्ण नावे पडतो. म्हणजे हवेसाठी भट्टी बदला आणि हवामानाच्या वहीत जमा फारशी दिसणार नाही. हवा आणि हवामान हे शब्द एकाच घरातले वाटतात, पण त्यांची वही एक नाही. चाचांच्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींना मात्र हवा पुरे आहे. त्यांच्या गॅलरीतल्या पांढऱ्या कपड्यांवर रोज काळे ठिपके पडतात. त्यांनी बेकरीविरुद्ध तीन अर्ज केले आहेत, आणि रोज पहाटे पहिली लादीही त्याच नेतात.

14 फेब्रुवारी, शुक्रवार

महापालिकेची नोटीस आली. चाचांनी ती पिशवीतून काढताना दोन्ही हातांनी धरली होती, लग्नाची पत्रिका धरावी तशी.

पूर्वी असं काही आलं की नगरसेवकाकडे जायचं. तो फोन करायचा, ओरडायचा, निदान चहा पाजायचा. आता कुणाकडे जायचं? 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून आयुक्तच प्रशासक. आराखडा जाहीर झाला तो त्याच महिन्याच्या 13 तारखेला. सभागृह रिकामं झालं आणि सहाच दिवसांनी अठ्ठावीस वर्षं पुढचं वचन दिलं गेलं. मी वचनाच्या विरुद्ध नाही. पण ते ज्यांच्या वॉर्डात उतरणार त्यांच्या वतीने हात वर करायला तिथे कुणी नव्हतं, आणि आजही नाही.

22 फेब्रुवारी, शनिवार

आज बसून हिशोब केला. भीती पुष्कळ झाली, आकडा कुणीच मांडलेला नव्हता. चाचांची बेकरी मधल्या मापाची. रोज सहा पोती मैदा, तीनशे किलो. त्यातून दहा हजार पाव. लाकूड दीडशे किलो, साडेसातशे रुपयांचं.

लाकडाची निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि भिंतीतून जाते. गॅसच्या भट्टीत तेवढी जात नाही. दोन वेगवेगळ्या माणसांकडून आकडे घेतले, दोघेही चोवीस-पंचवीस किलो गॅसपाशी आले. म्हणजे एकोणीस किलोचे सव्वा सिलिंडर, सतराशेच्या वरचा भाव धरून बावीसशे. रोजचा जादा खर्च साडेचौदाशे. नवी भट्टी, बर्नर, पाइपिंग, मोडतोड मिळून बारा लाख. कर्ज पाच वर्षांचं, बारा टक्क्यांनी, हप्ता सव्वीस हजार सातशे. दिवसाला आठशे नव्वद.

बेरीज तेवीसशे चाळीस. भागिले दहा हजार.

एका पावामागे जेमतेम साडेतेवीस पैसे!

तीनदा तपासलं. सगळी बेकरी, तीन पिढ्यांचा धंदा, बावीस कामगार, वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे आणि उच्च न्यायालय, हे सगळं अडलंय चार आण्यांपाशी. पावामागे पावली. आणि पावली कुठे आहे? 30 जून 2011 पासून ती चलनातून गेली. पाव चाराचा पाच होईल, सव्वाचार होणार नाही. पाच केला की समोरचा बेकरीवाला, ज्याने अजून भट्टी बदललेली नाही, तो चारालाच विकेल आणि वडापावच्या गाड्या त्याच्याकडे जातील. पहिला बदलणारा मरतो. म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसलेत.

चाचांना फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एवढंच?" आणि थोड्या वेळाने, "पण देणार कोण?"

9 मार्च, रविवार

भाचीच्या साखरपुड्याला खोपोलीला. डोंगरावरून खाली येणारे ते जाडजूड पाइप बघितल्याशिवाय मी परत येत नाही. लोणावळ्याच्या वरच्या तलावांचं पाणी त्यातून पडतं आणि खाली वीज होते. 1915 पासून. गिरण्यांचा कोळसा आणि धूर कमी व्हावा म्हणून घाटातल्या पावसाची वीज मुंबईला आणायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती त्यांच्यानंतर उभी राहिली. एका व्यापाऱ्याने शहराची हवा हा धंद्याचा विषय केला, तोही शंभर वर्षांपूर्वी. त्यांना कुणी कसल्याही प्रतिज्ञापत्रावर सही करायला बोलावलं नव्हतं.

पण याच वहीचं दुसरं पान मुळशीचं आहे. त्याच वीजमालिकेतल्या धरणासाठी मावळातली भातखाचरं पाण्याखाली जाणार म्हणून 1921 साली शेतकरी कामाच्या जागी जाऊन बसले, सेनापती बापट त्यांच्यात होते. धरण झालं. 1927 ला भिऱ्याची वीज मुंबईला आली, स्वच्छ, बिनधुराची. बिल गिरण्यांनी भरलं. किंमत मुळशीने.

साखरपुड्यात पुरणपोळी होती. तिथे यातलं काही बोलले नाही.

20 मार्च, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

समुद्रासमोरच्या हॉटेलात बैठक. शहराच्या हवामान-उद्दिष्टांना उद्योगांचा पाठिंबा, असा विषय. मोठ्या कंपन्यांचे प्रमुख, काही अधिकारी, सल्लागार, दोन-तीन स्वयंसेवी संस्था. 'लघुउद्योगांचे प्रतिनिधी' म्हणून आम्हाला दोन खुर्च्या. चाचांनी इस्त्रीचा पांढरा कुडता घातला होता, खिशाच्या कडेला मैदा लागलेला, तो त्यांना दिसला नाही, मी सांगितलंही नाही.

आत एवढी थंडी की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. हवामानबदलावरच्या सभेत स्वेटर लागावा हे लिहायला सोपं आहे आणि लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून पुढे जाते.

भाषणं झाली. एका कंपनीची सगळी छपरं सौर. दुसरीने पवनचक्क्यांची वीज घेतली आहे. तिसरीने खाडीकाठी कांदळवन लावलं. खोटं काहीच नव्हतं. मला उगाच नाक मुरडायचं नाही. छतावर पॅनेल बसवणं हे भाषण करण्यापेक्षा अवघडच आहे. पण ऐकता ऐकता लक्षात आलं की प्रत्येकजण आपल्या भिंतीच्या आतलं सांगतोय. शहर भिंतीच्या बाहेर असतं. त्यांच्या गेटमधून रोज पाव आत जातो, गणवेश धुऊन येतात, पाण्याचे टँकर येतात, आणि यातल्या कशाच्या खरेदीच्या कागदावर धुराचा रकाना नाही.

टेबलावर छोट्या टोपल्यांत ब्रेड ठेवलेले. रोजे चालू आहेत, चाचा खात नव्हते. पण एक उचलून दोन बोटांनी दाबला, पाठ बघितली, कानाशी नेला. "गॅसचा," म्हणाले. "वरून पण नरम, आतून पण नरम." आणि अलगद परत ठेवला.

मला चार मिनिटं मिळाली. स्लाइड नव्हत्या. मी वहीतलं पान वाचलं: पोती सहा, पाव दहा हजार, साडेतेवीस पैसे. पावलीवर आले तेव्हा सभागृहात थोडं हसू झालं, आणि मग ते थांबलं. पहिल्या रांगेत एक वयस्क उद्योगपती होते, नाव लिहीत नाही, मराठी छान बोलतात. त्यांनी विचारलं, "बाई, तुमची अडचण पैशाची आहे की कागदाची?"

दिवसभरातला हा एकच प्रश्न उत्तर मागणारा होता. मी म्हटलं, "नाण्याची आहे. पावली रस्त्यावर मेली, पण बिलात अजून जिवंत आहे. वडापावच्या गाडीकडून मला चार आणे घेता येत नाहीत. तुमच्या कॅन्टीनच्या महिन्याच्या बिलात पैसेसुद्धा लिहिता येतात." मग मांडलं: दहा हजारांतले अडीच हजार पाव कंपन्यांच्या आणि रुग्णालयांच्या कॅन्टीनला जातात. तेवढ्यांनी पावामागे एक रुपया जास्त दिला, आणि तोही फक्त भट्टी बदललेल्या बेकरीला, तर बाकी साडेसात हजार पावांचा भाव एका पैशानेही वाढवावा लागत नाही. गाडीवाल्याचा वडापाव आहे तिथेच राहतो. पहिला बदलणारा मरत नाही.

शेजारच्या कंपनीचे कुणी म्हणाले, "कल्पना चांगली आहे, परचेसला विचारावं लागेल." हे वाक्य मी आयुष्यात एवढ्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ मला तोंडपाठ आहे. त्या वयस्क गृहस्थांनी मात्र शिसपेन्सिलीने छोट्या डायरीत काहीतरी टिपलं.

शेवटी मोठ्या फलकावर सह्या. 2050 हा आकडा हिरव्या रंगात, माणसाच्या उंचीचा. चाचांच्याही हातात मार्कर दिला. त्यांनी मला विचारलं, "2050 ला मी किती वर्षांचा?" मी सांगितलं, ब्याण्णव. त्यांनी उर्दूत सही केली आणि खाली तारीख घातली, चेकवर घालतात तशी.

पावणेसातच्या सुमाराला ते बाहेरच्या मार्गिकेत गेले, खिशातून खजूर काढले, एक मला दिला.

21 मार्च, शुक्रवार

पेपरात फोटो. फलक आहे, सह्या आहेत, आम्ही नाही. चाचांची टोपी अर्धी दिसते.

16 एप्रिल, बुधवार

गॅसच्या पाइपाची पाहणी करून माणसं गेली. गल्ली सहा फुटांची. खालून पाण्याची लाइन, मलवाहिनी, कुठल्यातरी केबल, आणि एक पाइप ज्याची मालकी कुणालाच माहीत नाही. खोदायचं तर चार ठिकाणच्या परवानग्या, शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर खोदकाम बंद. म्हणजे यंदा सिलिंडरच. शंभर किलोपर्यंत साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे पाच सिलिंडर. दिवसाला सव्वा. चार दिवसांची बेगमी. ठेवायची जागा मात्र हवेशीर हवी, आणि बेकरीत हवेशीर अशी एकच जागा आहे, जिथे आज लाकूड रचलंय.

छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना केंद्राच्या योजनेत 35 टक्के अनुदान आहे, दहा लाखांच्या मर्यादेत. बारा लाखांवर चार लाख वीस हजार. अर्ज भरायला बसले. भाडेपावती चाचांच्या वडिलांच्या नावावर, वडील 1994 ला गेले. जागा पागडीची. घरमालकाचे तीन वारस, एक बडोद्याला, एक कॅनडात, तिसऱ्याचं इतर दोघांशी बोलणं नाही. बँकेतल्या मुलीने फाइल बघितली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हे जरा क्लिअर करून आणा ना." तिचा काही दोष नाही. तिच्या यादीत रकाना होता, तो रिकामा होता.

27 मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत आला. 26 मे! नेहमीची तारीख 11 जून. पंचाहत्तर वर्षांत तो इथे इतक्या लवकर आला नव्हता. कुलाब्याने मे महिन्याच्या पावसाचा 1918 चा विक्रम मोडला. वरळीला आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं.

बेकरीत वेगळंच. लाकूड झाकायची ताडपत्री चाचा दरवर्षी 1 जूनला काढतात. ती गुंडाळलेलीच राहिली. सगळं लाकूड भिजलं. भिजलेलं प्लायवूड पेटत नाही, धुमसतं. पहाटे गल्लीत हात दिसेना इतका धूर कोंडला, आणि वरून पाऊस, त्यामुळे धूर वर जाईना. वहिनी खाली येऊन जे काही बोलल्या ते इथे लिहीत नाही. चाचांनी एक शब्द उलट काढला नाही. सहा पोत्यांपैकी दीड पोत्याचा माल फेकला. आंबलेलं पीठ थांबत नाही, ते फुगत राहतं, परातीच्या कडेवरून खाली येतं. कामगार नुसते बघत उभे.

संध्याकाळी फोन: "ताई, कर्ज काढा. अनुदानाचं नंतर बघू."

5 जून, गुरुवार

पर्यावरण दिन. सकाळपासून मोबाइलवर रोपटी.

कॅन्टीनचे निकाल. सात पत्रं पाठवली होती. चार ठिकाणांहून काहीच नाही. एकाने कळवलं की निविदेत सर्वांत कमी दर हाच निकष आहे, त्याबाहेर जाता येत नाही. पत्राच्या खाली हिरव्या पानाचं चित्र आणि 'छापण्याआधी विचार करा'. एका रुग्णालयाने पुढच्या आर्थिक वर्षात बघू म्हटलं.

आणि एक पाकीट, चक्क टपालाने. त्या शिसपेन्सिलवाल्या गृहस्थांच्या कंपनीचं. एक रुपया नाही, पावामागे पन्नास पैसे, एका वर्षासाठी, दिवसाला अकराशे पाव. अट: दर तीन महिन्यांनी गॅसच्या बिलाची प्रत. मला ती अट फार आवडली. पैसे दिले आणि कागद मागितला, म्हणजे मनापासून दिले.

दिवसाचे साडेपाचशे रुपये. जादा खर्च तेवीसशे चाळीस. उरले सतराशे नव्वद.

चाचांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि घडी घालून कुडत्याच्या आतल्या खिशात ठेवलं. म्हणाले, बाकीचं खारी-टोस्टवर काढू. खारीचा भाव कुणी पैशात मोजत नाही.

19 जून, गुरुवार

भट्टी फोडली.

आधी तीन दिवस तिला नुसती थंड होऊ दिली. तिसऱ्या दिवशीही आत हात घातला तर कोमट. चाचा म्हणाले, ती पूर्ण थंड झालेली त्यांनी दोनदाच बघितली, '92-93 च्या दंगलीत आणि कोरोनात. घुमटीच्या विटा आतून काचेसारख्या चमकत होत्या. फरशी उचलली तर खाली वाळू, वाळूखाली मीठ, आणि मिठाखाली काचांचा जाड थर, बाटल्यांचे, बरण्यांचे, चिमणीच्या काचांचे तुकडे. उष्णता धरून राहावी म्हणून आजोबांनी भरलेल्या. मिठाचा ढेपसा झाला होता. एका कामगाराने त्याचा तुकडा जिभेवर ठेवला. "अजून खारट आहे."

काचांमध्ये एक अख्खी दौत सापडली, निळी. चाचांनी ती मला दिली. "हिशोब लिहायला."

घसाऱ्यानंतर शून्य किमतीच्या यंत्रसामग्रीचे नऊ ट्रक भरले. डेब्रिजवाल्याने ट्रकमागे पैसे घेतले.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी, आणि मोहरमची दहावीही आजच. निम्म्या चाळीला उपास, चाचांच्या घरीही रोजा. पाव निम्माच काढला. बरं झालं, नवी भट्टी अजून हातात बसलेली नाही. पहिले तीन दिवस तळ करपला. चौथ्या दिवशी वर रंगच आला नाही, पांढराफटक पाव, आजाऱ्यासारखा. कंपनीच्या माणसाने डिजिटल आकडा दाखवून सांगितलं, दोनशे वीसवर ठेवा. चाचांनी मान डोलावली, तो गेल्यावर झाकण किलकिलं करून चिमूटभर मैदा आत फेकला आणि मोजायला लागले. पाचव्या दिवशी पाव बरोबर आला.

"चव?" मी विचारलं.

"चव आहे. वास गेला." मग विचार करून, "तो वास पावाचा नव्हता म्हणा. दरवाजांचा होता."

समोरच्या बेकरीवाल्याने अजून लाकूड सोडलेलं नाही. आमच्या दोन गाड्या त्याच्याकडे गेल्या.

8 जुलै, मंगळवार

सहा महिने भरले. माझ्या चौदांपैकी पाच गॅसवर, दोन विजेवर, एकाने बेकरी बंद करून जागा मोबाइलवाल्याला दिली, सहा जण वकिलाकडे बसलेत. त्या सहांना मी दोष देणार नाही; त्यांच्याकडे पत्र पाठवणारा शिसपेन्सिलवाला नव्हता. समोरच्याच्या हिशोबाचं पान मी तयार केलंय, तो माझा पक्षकार नाही तरी. संध्याकाळी देऊन येईन. त्याचा आकडा सव्वीस पैसे निघतो.

दुपारी वहिनी आल्या. पाऊस कोसळत होता, हातात बादली, बादलीत पिळलेले कपडे. मला वाटलं आभार मानायला आल्या. गॅलरीतले कपडे आता पांढरे राहतात, हे त्यांनी मान्य केलं, जरा नाइलाजानेच. मग बादली खाली ठेवली.

जिन्याखालची ती भिंत, भट्टीच्या मागची. पावसाळ्यात चाळीतल्या सगळ्या बायका तिथे दोऱ्या बांधून कपडे वाळवायच्या, चाळीस वर्षं. तासाभरात चादर सुकायची. शाळेचे गणवेश, तान्ह्या बाळांची दुपटी, सगळं त्या भिंतीवर. आता भिंत गार पडली आहे.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या मीटिंगवाल्यांना विचारा, आता आम्ही कपडे वाळवायचे कुठं?"